पाच लाखांचं कार्ड कुठे चालतं आणि कुठे थांबतं

सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं जे आयुष्मान कार्ड मिळतं, त्यात पैसे नसतात. "कार्डावर पाच लाख आहेत" असं गावोगाव बोललं जातं, म्हणून ही गोष्ट आधी सांगतो. ते ऐकून माणूस जवळच्या खासगी दवाखान्यात जातो, कार्ड पुढे करतो आणि "इथे चालत नाही" एवढंच उत्तर घेऊन बाहेर येतो. रात्रीची वेळ असेल, पेशंट तळमळत असेल, तर तो बाहेरही येत नाही. बायकोचं डोरलं गहाण टाकून डिपॉझिट भरतो. चार दिवसांनी कुणीतरी सांगतं, की हेच ऑपरेशन तालुक्यापलीकडच्या दुसऱ्या रुग्णालयात फुकट झालं असतं. तोवर पैसे गेलेले असतात आणि ते परत मिळत नाहीत.

योजना वाईट आहे म्हणून असं होत नाही. ती कशी चालते हे लोकांना नीट सांगितलंच गेलेलं नाही. म्हणून ती मुळापासून समजून घेऊ.

आधी नावांचा गोंधळ सोडवू. १९९७ मध्ये महाराष्ट्रात जीवनदायी योजना होती. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोजक्या मोठ्या आजारांसाठी ती मदत करायची. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. सुरुवात आठ जिल्ह्यांत झाली, पुढल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर पसरली. वर्षाला एका कुटुंबाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ९७१ शस्त्रक्रिया व उपचारांची यादी, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड ही अट. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय पाहणीतून निवडलेल्या सुमारे १० कोटी ७४ लाख कुटुंबांना तिने वर्षाला पाच लाखांचं कव्हर दिलं. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२० पासून या दोन योजना एकत्र चालवायला घेतल्या. आणि १ जुलै २०२४ पासून मोठा बदल झाला: राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना, पांढरं रेशनकार्ड असलं तरी, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. म्हणजे आज "मी गरीब यादीत आहे का?" हा प्रश्न महाराष्ट्रात पूर्वीइतका महत्त्वाचा उरलेला नाही. आता प्रश्न आहे तो माझा आजार यादीत आहे का, आणि मी ज्या दारात उभा आहे ते रुग्णालय यादीत आहे का, हा.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांनाही २०२३ च्या शासन निर्णयाने या योजनेत घेतलं. बेळगाव, बिदर, कारवारकडचे कितीतरी लोक उपचारांसाठी पिढ्यानपिढ्या कोल्हापूर-मिरज-सोलापूरलाच येत आलेत. त्यांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

आता पैसे कोण भरतं ते पाहू. याच्या दोन पद्धती आहेत. पहिली विम्याची. सरकार दर कुटुंबामागे वर्षाचा हप्ता विमा कंपनीला देतं आणि आजारपणाचा खर्च कंपनी उचलते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली तेव्हा हा हप्ता कुटुंबामागे ३३३ रुपये होता. सगळी कुटुंबं एकाच वर्षी आजारी पडत नाहीत, म्हणून हे गणित जमतं. दुसरी पद्धत हमीची. यात मध्ये कंपनी नसते. सरकारनेच नेमलेली संस्था रुग्णालयाचं बिल तिजोरीतून भरते. महाराष्ट्रात ही संस्था म्हणजे राज्य आरोग्य हमी सोसायटी. २०२० च्या रचनेत राज्याने दोन्हींची सांगड घातली: दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर, त्यावरचा पाच लाखांपर्यंतचा सोसायटीवर. पेशंटला यातला फरक जाणवत नाही, जाणवूही नये. पण क्लेम, म्हणजे रुग्णालयाची पैशांची मागणी, कोण तपासतं, कोण अडवतं, उशीर कुठे होतो, हे या रचनेवर ठरतं. रुग्णालयाचे पैसे थकले की ते योजनेच्या पेशंटला टाळू लागतं, त्याचं मूळही इथेच असतं.

पाच लाख ही वरची मर्यादा आहे आणि ती अख्ख्या कुटुंबाची मिळून आहे. आजोबांच्या बायपासला दोन लाख लागले, तर त्या वर्षी बाकीच्यांसाठी तीन लाख उरतात. वर्ष पालटलं की मर्यादा पुन्हा पूर्ण होते. कुटुंबात माणसं किती, वय किती, आजार जुना की नवा, याने काही बिघडत नाही. खासगी विम्यात मधुमेह किंवा हृदयविकार आधीपासून असला की दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. इथे पहिल्या दिवसापासून सगळं धरलेलं आहे. गरिबाच्या दृष्टीने ही या योजनेतली सर्वात मोलाची तरतूद आहे असं मला वाटतं, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घरात आधीपासून आयुष्मान कार्ड असेल तर आजी-आजोबांसाठीचे पाच लाख वेगळे मोजले जातात.

मग बिल कसं ठरतं? इथे पॅकेज येतं. खानावळीत भाजी, पोळी, आमटी यांचे वेगळे भाव लावण्याऐवजी एका थाळीचा एकच भाव असतो, तसं इथे प्रत्येक शस्त्रक्रियेचा एकच भाव ठरलेला असतो. खाट, डॉक्टर, परिचारिका, भूल, तपासण्या, औषधं, स्टेंटसारखं साहित्य, पेशंटचं जेवण, सगळं त्यात आलं. महाराष्ट्राच्या योजनेत घरी परतण्याच्या भाड्याचीही तरतूद आहे. २०२३ मध्ये ही यादी १,३५६ उपचारांची झाली, पुढे ती आणखी वाढवली गेली. डायलिसिस, केमोथेरपी, रेडिएशन यांसारखे वारंवार घ्यावे लागणारे उपचारही यात आहेत. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी वेगळी, जास्त रक्कम धरली आहे.

पॅकेज म्हटल्यावर दोन गोष्टी आपोआप ठरतात. एक, यादीत असलेल्या उपचारासाठी "औषध बाहेरून आणा", "इम्प्लांटचे एवढे वेगळे द्या" असं रुग्णालय सांगू शकत नाही. हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं आहे आणि त्याचे पैसे सरकार देणारच आहे. दोन, जे यादीत नाही त्याला पाच लाखांतला एक रुपयाही लागू होत नाही. कव्हर शिल्लक असलं तरी नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खासगीत करायचे म्हटले तर कार्ड उपयोगी पडत नाही. खासगी रुग्णालयवाला "हे योजनेत बसत नाही" म्हणतो तेव्हा दर वेळी तो खोटंच बोलत असतो असं नाही. पण दर वेळी खरंच बोलतो असंही नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्यावर येतो. ही योजना चालते ती दाखल होण्याच्या वेळी. बिल भरल्यानंतर ती काहीच करत नाही.

क्रम असा असतो. अंगीकृत रुग्णालयात, म्हणजे योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात, आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. तो रुग्णालयाचा नोकर नसतो, योजनेने नेमलेला असतो. पेशंट तिथे आला की तो आयुष्मान कार्ड किंवा रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र पाहून नोंदणी करतो. डॉक्टर तपासतात, आजार ठरवतात, पॅकेज निवडतात. मग रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. पलीकडे बसलेले डॉक्टर रिपोर्ट पाहून मंजुरी देतात. मंजुरी आली की उपचार होतात, पेशंट घरी जातो, आणि रुग्णालय नंतर क्लेम लावून पैसे घेतं. या सगळ्यात पेशंटच्या हातून पैसे जायचं कुठेच कारण नाही.

पण हा क्रम सुरू व्हायला कुणीतरी "आम्हाला योजनेतून करायचं आहे" असं सांगावं लागतं. आणि ते डिपॉझिट भरण्याआधी सांगावं लागतं. पेशंट साधा, पैसे भरणारा म्हणून दाखल झाला, ऑपरेशन झालं, आणि डिस्चार्जच्या दिवशी कार्ड काढलं, तर काही होत नाही. पावत्या जोडून नंतर पैसे मागायची सोय या योजनेत नाही. खासगी मेडिक्लेमवाल्यांना ती सवय असते, त्यामुळे शिकलेले नातेवाईकच कित्येकदा "आधी भरा, मग बघू" असा सल्ला देतात. या योजनेत तो सल्ला घराला बुडवतो.

मग तातडीच्या वेळी काय? छातीत कळ आली, तिथे कागद शोधत कोण बसणार? याची सोय आहे. अंगीकृत रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं आणि कागद नंतर देता येतात. फक्त "योजनेतून" हा शब्द पहिल्या तासात उच्चारला गेला पाहिजे, आणि आरोग्यमित्राच्या नोंदीत पेशंटचं नाव गेलं पाहिजे. जवळ कागद नसला तरी नाव नोंदवून घ्या. घरून कार्डाचा फोटो मोबाइलवर मागवा. रस्ते अपघाताचं तर आणखी वेगळं आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत अपघात झाला तर जखमी माणूस कोणत्या राज्याचा हे न पाहता त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे.

आपल्या गावाजवळचं कुठलं रुग्णालय यादीत आहे, हे आजारपण येण्याआधी माहीत असावं. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर फोन केला की सांगतात. आयुष्मानचा देशभराचा क्रमांक १४५५५. परराज्यात कामाला असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचं कार्ड योजनेत सामील असलेल्या सगळ्या राज्यांत चालतं. म्हणूनच बिहारमधून भिवंडीत आलेला यंत्रमाग कामगार इथे उपचार घेऊ शकतो. फक्त राज्याच्या योजनेत असलेल्या कुटुंबाने मात्र राज्याच्या यादीतली रुग्णालयंच धरावीत. गोव्याची गोष्ट निराळी. तिथे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्यापेक्षा मोठ्याला चार लाख, आणि अट आहे ती गोव्यातल्या वास्तव्याची.

अंगीकृत रुग्णालयातही नकार मिळतोच. "योजनेची खाट शिल्लक नाही", "सर्व्हर डाउन आहे", "हे डॉक्टर योजनेत करत नाहीत", "वरचे वीस हजार भरावे लागतील". यामागे एक खरं कारण आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पॅकेजचे दर बाजारातल्या दरांपेक्षा बरेच कमी असतात आणि क्लेमचे पैसे उशिरा येतात, ही रुग्णालयांची जुनी तक्रार आहे. लहान गावातल्या वीस-तीस खाटांच्या रुग्णालयाला महिनोन्‌महिने थकलेली बाकी सोसत नाही. पण तो हिशेब रुग्णालय आणि सरकार यांच्यातला आहे. त्याची वसुली खाटेवर पडलेल्या शेतमजुराकडून करणं हा अन्यायच आहे, आणि योजनेचे नियमही तसं करू देत नाहीत.

अशा वेळी भांडण्यापेक्षा नकार लेखी मागावा. "उपचार योजनेत बसत नाही" किंवा "खाट नाही" एवढं रुग्णालयाच्या कागदावर लिहून द्या म्हणावं. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा खाट सापडते. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवावी, तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि जिल्हा समन्वयकाचा नंबर मागावा. योजनेत दाखल असलेल्या पेशंटकडून पैसे घेतले गेले असतील, तर मात्र ते तक्रार करून परत मिळवता येतात. म्हणून दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवावी, बाहेरून आणायला लावलेल्या औषधांचीसुद्धा. पावती द्यायला नकार मिळाला तर कुणी, किती, कधी घेतले हे वहीत तारखेसह लिहून ठेवावं.

पूर्वपरवानगीचा जाच वाटतो, पण ती का आहे तेही सांगतो. दर शस्त्रक्रियेला पैसे मिळतात म्हटल्यावर गरज नसलेली शस्त्रक्रिया करायचा मोह तयार होतो. २००८ मध्ये आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचं कार्ड ३० हजारांचं होतं. २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमध्ये त्याच कार्डावर, गरज नसताना, गरीब बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं बाहेर आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने खेड्यात शिबिर घेऊन माणसं बसने आणली, त्यांच्या अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी केल्या आणि दोघे दगावले. ऑगस्ट २०२३ मधल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापालांच्या, अहवालात तर जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच खोट्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले. तेव्हा फुकट शिबिरात "लगेच चला, कार्डावर करून देतो" असं कुणी म्हणालं, तर जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसमध्ये चढू नये. गर्भाशय काढायचा सल्ला मिळालेल्या बाईने तर नक्कीच नाही.

योजना थांबते ती ओपीडीच्या, म्हणजे दाखल न होता घ्यायच्या उपचारांच्या, दारात. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. त्यापलीकडे काही नाही. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाचं इन्शुलिन, मुलाचा दमा, गुडघेदुखीचं इंजेक्शन, डॉक्टरांची फी, सोनोग्राफी, हे सगळं कार्डाबाहेर आहे. भारतातल्या कुटुंबांचा खिशातला आरोग्यखर्च पाहिला तर त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा असतो, आणि ती बहुतेक दाखल न होता घेतलेली असतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजूनही लोकच भरतात. आणि या आकड्यात बुडालेली मजुरी धरलेली नसते. बाप खाटेवर, आई शेजारी बसलेली, थोरला शाळा सोडून वीटभट्टीवर, हा खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

हे असंच असायला हवं असं नाही. थायलंडने २००२ मध्ये "तीस बाट" योजना आणली तेव्हा भर ओपीडीवर दिला. प्रत्येक माणसाची नोंद जवळच्या आरोग्य केंद्राच्या जाळ्यात केली आणि त्या जाळ्याला नोंदलेल्या माणसांमागे ठरावीक रक्कम आधीच दिली. माणूस आजारी पडो न पडो, रक्कम तीच. त्यामुळे रक्तदाब वेळीच ताब्यात आणण्यात त्या जाळ्याचाच फायदा असतो. आपल्या योजनेत रुग्णालयाला पैसे मिळतात ते पक्षाघात झाल्यावर. आपल्याकडेही याच्या जवळ जाणारं एक उदाहरण आहे: कामगार राज्य विमा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जमा होतात, आणि त्यात ओपीडी, औषधं आणि आजारपणातल्या रजेचे वर्षात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पैसेही मिळतात. पण ते नोंदलेल्या कामगारांपुरतं. ऊसतोड मजूर, घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा बिगारी त्यात नाही.

तोवर काय करायचं? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत देतात. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या तिथूनच घ्याव्यात. साठा नसेल तर जनऔषधी दुकानातून.

आजार यादीत नसेल, किंवा पाच लाख संपले असतील, तर धर्मादाय रुग्णालयांचं दार आहे. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. शहरांतली अनेक नावाजलेली, चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री ट्रस्टचीच आहेत. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन "निर्धन रुग्ण निधीतून" असं स्पष्ट म्हणावं. दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवलेला बरा.

कागदांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त माणसं अडतात ती नावावरून. सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर असतं. आधारवर "सुरेखा" आणि रेशनकार्डावर "सुलेखा" असतं. वेगळ्या राहणाऱ्या भावाचं कार्ड फोडलेलं नसतं. हे रुग्णालयात दुरुस्त होत नाही, ते तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं आणि त्याला वेळ लागतो. आधी आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून घरातल्या प्रत्येकाचं नाव अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावं. मग मोबाइल नंबर चालू असलेला जोडून सेवा केंद्रात किंवा आरोग्यमित्राकडे सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणी, करून घ्यावी. आयुष्मान कार्ड कुटुंबाचं एकच नसतं, ते प्रत्येक माणसाचं वेगळं निघतं, तान्ह्या मुलाचंही. कार्डाला शासन पैसे घेत नाही.